नुसतं चमकून भागत नाही

सकाळी ६.४५

डिंडोलीहून कडोदऱ्याला मोपेडवर पाऊण तास लागतो, जानेवारीत थोडा जास्तच. धुकं असतं, आणि चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या काही केल्या रस्ता देत नाहीत. पर्वत पाटिया ओलांडलं की सारोलीची कापड मार्केटं लागतात, मग नियोल, मग कडोदरा चार रस्ता. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता इथे एकमेकांना छेदतात. चौकाच्या आजूबाजूला पलसाणा तालुक्यातल्या प्रोसेसिंग मिला पसरल्या आहेत. गार्डन वरेली साड्यांमधली वरेली हीच, कडोदऱ्याला लागून. उत्तरायण जवळ आलंय, त्यामुळे रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे सकाळीच दोऱ्या ताणून बसलेत.

मी इथल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. माहेर अमळनेरचं, शिक्षण जळगावचं. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसं इतकी की भाजीवाल्याशी अहिराणीत घासाघीस चालते. मिलमध्ये मात्र माझी तीन नावं आहेत: गुजराती मंडळींची मी 'बेन', उत्तर प्रदेशातल्या मास्तरांची 'मॅडमजी' आणि खानदेशी पोरांची 'ताई'.

सकाळी ७.४५

लॅब उघडल्यावर आधी पीएच मीटर बफरवर लावून घ्यायचा, मग रात्रपाळीचं रजिस्टर बघायचं. रात्री जेटमधून, म्हणजे कापड धुवायच्या-रंगवायच्या बंद यंत्रातून, निघालेल्या प्रत्येक लॉटचे चिंधीएवढे तुकडे पाकिटात ठेवलेले असतात: एक धुतल्यानंतरचा, एक रंगाईनंतरचा, एक स्टेंटरवरून, म्हणजे कापड ताणून सुकवणाऱ्या यंत्रावरून, फिनिश होऊन आलेला. हे तुकडे जपून ठेवायची शिस्त मी हट्टाने लावली. तक्रार येते ती तयार कापडाची, पण दोष बहुतेक वेळा दोन टप्पे मागे झालेला असतो.

पहिला तास शेड जुळवण्यात जातो. कॅबिनेटमध्ये नमुना दिवसाच्या प्रकाशात, मग दुकानातल्या ट्यूबच्या प्रकाशात, मग यूव्हीखाली धरायचा. दोन मरून एका दिव्यात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसले की कृती बदलायची. हे काम हाताने होत राहतं, बोलता बोलताही.

सकाळी ८.३०

आज तक्रार 'वेटलेस'ची आहे. वेटलेस म्हणजे पातळ, अंगावरून सरकणारं पॉलिएस्टर जॉर्जेट. सुरतेच्या रिंग रोडवरून ते देशभर जातं. पांढरा लॉट प्रिंटिंगला गेला होता, तिथून निरोप आला की कापडावर ठिकठिकाणी पाणी जिरत नाही आणि छपाई डागाळते.

डाइंग मास्तर ताका घेऊन स्वतः आले. "मॅडमजी, कॉस्टिक बराबर लगा है. फिनिशवालों से पूछिए." पाठोपाठ फिनिशिंगचे मास्तर. त्यांचं म्हणणं, फिनिश तर रोजचंच आहे, कॉस्टिक कमी-जास्त लागलंय. दोघेही वीस-वीस वर्षं या धंद्यात आहेत, त्यामुळे कोणाचंही बोलणं हवेतलं नाही.

कॉस्टिक लावणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला. हा धागा चिवट, पण अंगाने कोरडा. हवेतून जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरतो. त्याला रेशमासारखी लोळण हवी तर तो बारीक करावा लागतो. म्हणून जेटमध्ये गरम कॉस्टिक सोडा सोडतात. कॉस्टिक धाग्याच्या आत शिरत नाही, वरवरून खातो. शंभर ग्रॅम कापडातले पंधरा-वीस ग्रॅम विरघळून पाण्यात जातात, धागा बारीक होतो आणि कापड हलकं पडतं. यालाच वेट रिडक्शन म्हणतात.

खाताना पॉलिएस्टरची साखळी तुटते. तुटलेल्या टोकांना कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल असे दोन प्रकारचे गट उघडे पडतात. पाण्याशी यांचं जमतं. म्हणजे कापडाचा वरचा थर रासायनिकदृष्ट्या बदललेला, आत तेच जुनं पॉलिएस्टर. पाणी जिरणं, फिनिश धरणं, छपाई बसणं, सगळं या वरच्या अतिपातळ थराच्या हातात आहे. दोन मास्तरांचं भांडण या थरावरचंच.

सकाळी ९.००

माझ्याकडे नव्याने शिकायला आलेला शहाद्याचा मुलगा आहे, बीएससी झालेला. त्याने उत्साहाने यूव्हीची टॉर्च तयार कापडावर मारली आणि ओरडला, "ताई, हाई तं चमकस!" कापड निळं-जांभळं झळकत होतं आणि त्यात काळपट चट्टे स्पष्ट दिसत होते. दोन्ही मास्तर वाकून बघायला लागले.

मी टॉर्च बंद करायला लावली. ती चमक पांढरेपणाच्या रसायनाची होती. आईच्या पिढीने सुती कपड्यांना जे टिनोपाल घातलं, त्याच कुळातलं, पण पॉलिएस्टरसाठी वेगळं बनवलेलं. ते ३६५-३७५ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश घेतं आणि ४३०-४४० च्या आसपास निळा परत देतं. आमच्याकडे ते फिनिशच्याच द्रावणातून पॅड होतं. जिथे कापड भिजलं नाही तिथे द्रावण कमी शोषलं गेलं, म्हणून तिथे निळं कमी. चट्टे खरे, पण ते परिणाम दाखवतात. ती जागा भिजली का नाही, हा प्रश्न तसाच राहतो.

एका रंगाचा प्रकाश घेऊन कमी ऊर्जेचा, दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देणं म्हणजे प्रतिदीप्ती. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये क्विनाइनचं द्रावण वगैरे तपासून हा नियम मांडला. या पद्धतीची ताकद तिच्या काळोखात आहे. बाकी सगळं अंधारात असतं आणि हवा तोच रेणू उजळतो, त्यामुळे अगदी थोडे रेणूही सापडतात. धोकाही त्यातूनच येतो. न विचारलेला कुठलाही चमकणारा पदार्थ त्या अंधारात येऊन साक्ष देतो, आणि पॉलिएस्टरच्या कापडावर असे साक्षीदार बरेच असतात.

सकाळी ९.३०

तयार कापड बाजूला ठेवलं आणि पाकिटातला धुतल्यानंतरचा, फिनिश न झालेला तुकडा काढला. त्यावर ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकत गेले. चांगल्या जागी थेंब बघता बघता पसरतो. वाईट जागी मण्यासारखा उभा राहतो. जागांभोवती शिसपेन्सिलने गोल केले. बॉलपेनची शाई दिव्याखाली काय करील सांगता येत नाही, ग्रॅफाइट मुकाट बसतं.

मग चार तुकडे कापले. पहिला चांगल्या जागेचा. दुसरा वाईट जागेचा. तिसरा त्याच सुताचं, फक्त तेल धुऊन काढलेलं, कॉस्टिक न लागलेलं कापड. चौथा लॅबमध्ये मी स्वतः कॉस्टिक देऊन, भरपूर धुऊन ठेवलेला. मुलाने विचारलं, "तिसरा कशाला? त्यावर तर काहीच नाही." म्हणूनच तो हवा. तिसरा आणि चौथा नसतील तर पहिल्या दोघांचं बोलणं कोणत्या पट्टीवर मोजायचं?

सूत तेच असणंही महत्त्वाचं. नेहमीच्या सेमी-डल सुतात चकाकी मारण्यासाठी सुमारे ०.३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते यूव्ही प्रकाश गिळतं. ब्राइट सुताची सेमी-डलशी तुलना केली तर फरक सुताचा दिसेल आणि आपण तो पृष्ठभागाच्या नावावर खपवू.

आता लेबल. कार्बोक्सिल गट स्वतः चमकत नाहीत, म्हणून त्यांना चमकणारा रेणू चिकटवायचा. रोडामाइन ६जी हा धन भाराचा रंग. पीएच ८ ला कार्बोक्सिलवर ऋण भार येतो आणि रंग त्याला धरतो. रंगाच्या दुकानात रोडामाइन बी जास्त सहज मिळतं, पण त्याच्या रेणूला स्वतःचाच एक कार्बोक्सिल गट आहे. पीएच वाढला की तो ऋण होतो आणि रेणूचा एकूण भार शून्यावर येतो. ६जी मध्ये ती जागा एस्टर करून बंद केलेली आहे, त्यामुळे पीएच काहीही असो, त्याचा धन भार टिकतो.

टायट्रेशन का नाही, असा प्रश्न फिनिशिंगच्या मास्तरांनी विचारला. रास्त प्रश्न आहे. पण पॉलिएस्टरच्या प्रत्येक साखळीला टोकं असतात आणि ती आतही दडलेली असतात; ग्रॅममागे साधारण २० ते ४० मायक्रोइक्विव्हलंट. कापड विरघळवून टायट्रेट केलं तर हे सगळे मोजले जातात आणि पृष्ठभागावरचे मूठभर त्यात हरवतात. मला फक्त वरचे हवेत. त्यासाठी रंग आत जाता कामा नये, म्हणून द्रावण थंड ठेवायचं. पॉलिएस्टर ७०-८० अंशांच्या पुढे सैल होऊ लागतं. जेटमध्ये रंग चढवायला १३० अंश लागतात ते याचमुळे. साध्या तापमानाला त्याची दारं जवळपास बंद असतात.

अतिपातळ द्रावण, चार बीकर, अर्धा तास, अधूनमधून हलवणं.

सकाळी १०.४५

आता धुणं, आणि या कामात धुण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. नुसता टेकलेला रंग आणि धरलेला रंग डोळ्यांना सारखेच दिसतात. त्याच पीएचच्या बफरमध्ये तुकडे पुन्हा पुन्हा खळबळायचे आणि दर वेळी धुवणाचं पाणी हिरव्या दिव्याखाली बघायचं. पाणी चमकायचं थांबेपर्यंत तुकडा चमकतो की नाही यावर बोलायचं नाही. मुलाला कंटाळा आला. मी त्याला जीएसएम कटर घेऊन पाठवलं: चांगल्या आणि वाईट जागांतून गोल कापून वजनं करून आण.

तुकडे ड्रॉवरमध्ये अंधारात सुकत ठेवले. उजेडात रोडामाइन उडतं.

मधल्या वेळात जेटचे तीन शेड पास केले. कलर किचनमधला मुलगा एका निळ्या रंगाचं वजन पुन्हा करून मागत होता, ते केलं. काटा बरोबर होता, डबा जुन्या लॉटचा होता.

दुपारी १२.१५

आमचं 'यंत्र' म्हणजे आतून काळा रंग दिलेला पुठ्ठ्याचा खोका. वर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचे हिरवे एलईडी, बाजूला भोक, भोकावर नारिंगी जिलेटिन, त्यामागे मोबाइल. रोडामाइन ६जी हिरवा प्रकाश घेतं आणि ५५० च्या आसपास पिवळा-नारिंगी देतं. जिलेटिन हिरवा अडवतं आणि नारिंगी सोडतं. पांढरेपणाच्या रसायनाला हिरवा प्रकाश लागू पडत नाही, त्यामुळे चुकून कुठे ते असलंच तरी गप्प बसतं. मोबाइलचं एक्सपोजर मात्र हाताने बांधून ठेवावं लागतं. ऑटोवर ठेवला तर तो अंधाऱ्या तुकड्याला स्वतःच उजळवतो आणि चारही तुकडे सारखे दाखवतो.

चारही एका ओळीत ठेवले. पहिला झगझगीत. चौथा तसाच. तिसरा, म्हणजे कॉस्टिक न लागलेला, मंद; अगदी शून्य नाही, कारण भार नसतानाही थोडा रंग पॉलिएस्टरला नुसता चिकटतोच. तेवढं वजा करायचं. दुसरा, वाईट जागेचा, जवळजवळ तिसऱ्याइतकाच मंद.

"म्हणजे तिथे कॉस्टिक लागलंच नाही," मुलगा म्हणाला. फिनिशिंगचे मास्तर हसले. डाइंगच्या मास्तरांचं तोंड उतरलं.

पण मुलाने आणलेली वजनं टेबलावर होती. चांगल्या आणि वाईट जागेचं वजन सारखं. न लागलेल्या कापडापेक्षा दोन्ही हलकी, आणि सारखीच हलकी. कॉस्टिकने दोन्हीकडे सारखंच खाल्लं होतं. मग दुसऱ्या तुकड्यावर कार्बोक्सिल गेले कुठे?

मंद दिसण्याची कारणं मी फळ्यावर लिहिली. एक, गट कमी आहेत. दोन, गट इतके दाट आहेत की रंगाचे रेणू एकमेकांना खेटले. रेणू काही नॅनोमीटरच्या आत आले की ऊर्जा एकमेकांत फिरत राहते आणि प्रकाश बाहेर पडत नाही. फॉर्स्टरने १९४८ मध्ये या देवाणघेवाणीचं गणित मांडलं. मंडईत सगळे एकदम ओरडले की एकाचाही भाव ऐकू येत नाही, तसलाच प्रकार. तीन, गट आहेत, पण त्यांच्यावर आधीच दुसरं कोणीतरी बसलंय.

दुसरं कारण तपासायला सोपं होतं. त्याच जागांच्या नव्या तुकड्यांना आणखी पातळ द्रावणात लेबल केलं तर गर्दी मोडते. केलं. दुसरा तुकडा मंदच राहिला.

दुपारी १.१५

डबा. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. गुजराती सहकाऱ्यांनी पोंक आणलाय. आपल्या हुरड्याचीच जात, पण इथे तो शेवेबरोबर खातात. मुलाचं डोकं अजून खोक्यातच. "ताई, आधीच कोण बसलं असेल?" मी त्याला म्हटलं, जेटमध्ये कॉस्टिकबरोबर आणखी काय काय घालतात त्याची यादी कर. भाकरी संपायच्या आत त्याला उत्तर सापडलं: ॲक्सेलरेटर.

दुपारी २.००

कॉस्टिकचं काम लवकर व्हावं म्हणून त्याच्याबरोबर एक धन भाराचं रसायन घालतात, क्वाटर्नरी अमोनियम वर्गातलं. त्याचं एक टोक धन भाराचं, दुसरीकडे कार्बनची लांब शेपटी. ते धाग्याच्या पृष्ठभागावर जमतं आणि कॉस्टिकला तिथे ओढून आणतं. काम झाल्यावर त्याने निघून जायला हवं. पण कॉस्टिकने नुकतेच तयार केलेले कार्बोक्सिल समोर असतात. धन टोक त्यांना धरून बसतं आणि तेलकट शेपटी बाहेर राहते. पाण्याच्या थेंबाला मग गट दिसत नाहीत, शेपट्याच दिसतात, आणि तो उभा राहतो.

हे खरं असेल तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. पहिली, ऋण भाराचा चमकणारा रंग लावला तर चित्र उलटं व्हावं. त्यासाठी इओसिन घेतलं. त्याचा भार ऋण, म्हणजे मोकळ्या कार्बोक्सिलशी त्याचं वैर आणि क्वाटर्नरीशी मैत्री. चारही तुकडे नव्याने कापलेले, तोच पीएच, तोच खोका, तोच हिरवा दिवा. पहिला, तिसरा, चौथा तुकडा अंधारे. दुसरा उजळला, आणि पेन्सिलच्या गोलाच्या आतच उजळला.

दुसरी, ते रसायन काढून टाकलं तर कार्बोक्सिल पुन्हा दिसावेत. वाईट जागेचा नवा तुकडा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात थोडं ॲसेटिक ॲसिड घालून धुतला. ॲसिडमध्ये कार्बोक्सिलचा ऋण भार जातो, पकड सुटते, क्वाटर्नरी पाण्यात उतरतं. मग पीएच ८, रोडामाइन ६जी, अर्धा तास, पुन्हा ते सगळं धुणं.

संध्याकाळी ४.००

नवा तुकडा खोक्यात ठेवला. पहिल्याच्या शेजारी ठेवल्यावर कोणता कुठला हे सांगता येईना. त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो पसरला.

दोन्ही मास्तरांना बोलावलं. दोघांचीही बाजू अर्धी खरी होती. कॉस्टिक बरोबर लागलं होतं आणि फिनिशही रोजचंच होतं. कमी पडली ती कॉस्टिकनंतरची धुलाई. जेटचा तक्ता काढला, तर कॉस्टिक काढल्यावर गरम पाण्याची एक फेरी गाळली होती आणि ॲसिड थेट गार पाण्यात घातलं होतं. जेटमध्ये कापड दोरासारखं फिरतं; तो दोर जिथे घट्ट वळला तिथे पाणी नीट फिरलं नाही, म्हणून सगळीकडे न होता चट्ट्यांत झालं. डाइंगचे मास्तर तक्ता बघत राहिले, मग म्हणाले, "पानी का प्रेशर कम था उस रात."

तेही खरं असू शकतं. पाण्याची प्रत्येक फेरी म्हणजे बोअरचं पाणी, बॉयलरचा कोळसा, जेटचा वेळ, आणि शेवटी सांडपाण्याचं बिल. फेरी गाळणारा माणूस आळशी असतो असं नाही. बारा तासांच्या पाळीत त्याच्यापुढे लॉट उभे असतात.

संध्याकाळी ४.४५

खोक्यातल्या फोटोंवरून 'आहे' आणि 'नाही' एवढंच कळतं. किती, हे कळत नाही. कापडाचा पृष्ठभाग सपाट नाही, कॉस्टिकने त्यावर खड्डे पाडलेत, प्रकाश विणीत उधळतो, आणि गर्दीमुळे चमक गटांच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून आकडा हवा असेल तर धरलेला रंग कापडावरून काढून घ्यायचा: ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात तुकडा ठेवला की रोडामाइन सुटून द्रावणात येतं. ते द्रावण फ्लुरोमीटरवर वाचायचं आणि माहीत असलेल्या द्रावणांच्या रेषेशी ताडायचं. तेही पुरेसं पातळ करून, कारण दाट द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं.

फ्लुरोमीटर आमच्याकडे नाही. कापडाच्या नेहमीच्या चाचण्यांसाठी नमुने सुरतेला 'मंत्रा'मध्ये, म्हणजे मॅन-मेड टेक्स्टाइल्स रिसर्च असोसिएशनमध्ये जातात. या शिशा मात्र ज्यांच्याकडे हे यंत्र आहे अशा सुरतेतल्याच लॅबला पाठवतो. शिशांना चांदीचा कागद गुंडाळला, नुसत्या ॲसिडची एक शिशी आणि तिसऱ्या तुकड्याची एक शिशी न विसरता सोबत दिली, आणि मार्केटला जाणाऱ्या गाडीत ठेवल्या.

तिथून आकडा आला तरी त्यावरून कॉस्टिकने किती टक्के खाल्लं हे कोणी काढू नये, असंही चिठ्ठीवर लिहिलं. कॉस्टिक जसजसा खातो तसतशा तुटक्या साखळ्या विरघळून जातात आणि खालचं नवं पॉलिएस्टर वर येतं. त्यामुळे गटांची दाटी सुरुवातीला वाढते आणि मग जवळपास तिथेच थांबते, वजन मात्र घटत राहतं. वजनाचा प्रश्न काट्याला विचारायचा, पृष्ठभागाचा रंगाला.

संध्याकाळी ५.४५

ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, नमुना आला. धाग्यावरून विरघळलेलं सगळं इथे येतं, सोडियम टेरेफ्थॅलेट आणि ग्लायकॉल होऊन. कॉस्टिकच्या पाण्याचा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, यांच्यामुळेच चढतो. नमुन्यात ॲसिड टाकलं की टेरेफ्थॅलिक ॲसिड पांढरं होऊन खाली बसतं, ते मुलाला करून दाखवलं.

टेरेफ्थॅलेटची आणखी एक गंमत आहे. त्याच्यावर हायड्रॉक्सिल रॅडिकलचा मारा झाला की हायड्रॉक्सीटेरेफ्थॅलेट तयार होतं आणि यूव्हीखाली निळं चमकतं. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेल्या पॉलिएस्टरच्या पृष्ठभागावरही असेच गट तयार होतात. म्हणजे उन्हात जीर्ण झालेलं पॉलिएस्टर कुठलंही लेबल न लावता चमकू शकतं. गच्चीवरच्या जुन्या पडद्याचा तुकडा आणून मी तो ड्रॉवरमध्ये ठेवलाय. नवीन माणूस आला की टॉर्चखाली त्याच्या हातात देते आणि विचारते, हे कॉस्टिक की ऊन? टॉर्चवरून उत्तर देता येत नाही, एवढं कळलं की पुढचं शिकवता येतं.

संध्याकाळी ६.३०

शेठना लांब रिपोर्ट चालत नाही. अर्ध्या पानात लिहिलं: वजन सगळीकडे सारखं, कॉस्टिकचा दोष नाही. वाईट जागी ॲक्सेलरेटर शिल्लक, दोन विरुद्ध भाराच्या रंगांनी सिद्ध. ॲसिड-अल्कोहोलने काढल्यावर पृष्ठभाग चांगल्या जागेसारखा. पुढे काय: कॉस्टिकनंतर गरम पाण्याची फेरी गाळायची नाही, ॲसिड गरम पाण्यात, सोबत नॉनआयनिक साबण, आणि जेटमधून निघालेल्या कापडावर इओसिनचा एक ठिपका तपासूनच पुढे सोडायचं. इओसिनची बाटली वर्षभर पुरेल, आणि तपासायला मुलगा तयार झालाय.

शेठनी कागद वाचला, चष्मा वर केला. "बेन, केटला टका?"

"टक्के चमकीवरून सांगता येत नाहीत शेठ. काय झालंय ते आज सांगितलं. किती झालंय ते उद्या दुपारी, सुरतेहून आकडे आल्यावर."

"पण मार्केटचा फोन आत्ता येणार."

"मग त्यांना सांगा, फिनिश न झालेले ताके रात्रीच पुन्हा धुतोय. झालेले आधी सोडवून मग धुवावे लागतील, त्याला दोन दिवस."

शेठ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग जेट खात्याला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याच्या प्रेशरचा.